विंडोज टाकताना क्रॅश होतंय? ते 'सात उपाय' करायच्या आधी हे वाचा

मागच्या बुधवारी दुपारी सांगलीहून मामाचा फोन. "अरे तो सात उपायांचा मेसेज आहे ना, त्यातला पहिला, दुसरा आणि चौथा केला, तरी विंडोज बसत नाही, आता म्हणतंय हा पीसी विंडोज ११ चालवूच शकत नाही, कालपर्यंत तर चालत होतं. तिसऱ्याला सॉफ्टवेअर डाउनलोड करावं लागतं म्हणून मागे ठेवलाय, करू का?" तिसरा काय आहे विचारलं तर म्हणे लो लेव्हल फॉरमॅट. मी ऑफिसच्या जिन्यातच ओरडलो, मामा तू आधी तिथून ऊठ, बटण बंद कर आणि मी येईपर्यंत कशाला हात लावू नकोस.

तो मेसेज तुमच्याकडेही आला असेलच. 'विंडोज टाकताना क्रॅश होतंय? दुकानदाराला ५०० रुपये देऊ नका' असं वर लिहिलेलं, खाली सात उपाय आणि शेवटी जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा. आमच्या घरच्या ग्रुपवर आला, मामाच्या सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या ग्रुपवर आला आणि काल बायकोच्या शाळेच्या ग्रुपवरही दिसला, म्हणून आता लिहितोच.

क्रमाने जात नाही. आधी दुसरा उपाय, कारण माणसं खरी बुडतात ती तिथे. त्यात लिहिलंय की इन्स्टॉल करताना क्रॅश येतो कारण व्हायरस डी ड्राइव्हमध्ये लपून बसलेला असतो, म्हणून सेटअपमध्ये दिसतील ती सगळी पार्टिशन्स (सी, डी असे डिस्कचे भाग) डिलीट करा, वॉर्निंग येईल पण घाबरू नका. हे 'घाबरू नका' ज्याने लिहिलं तो मला एकदा भेटायला हवा. ती वॉर्निंग घाबरण्यासाठीच असते हो! मामाने चष्मा लावून ती वाचली, मेसेजमध्ये हेच येईल असं लिहिलंय म्हणून त्याला उलट खात्री वाटली आणि त्याने ओके दाबलं. डी ड्राइव्हमध्ये २००९ पासूनचे फोटो होते, आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचे धरून, आणि मामा सोसायटीचा खजिनदार असल्यामुळे सहा वर्षांचे हिशेब.

आता हे मुळात चूक का आहे ते सांगतो. तुम्ही पेनड्राइव्हवरून पीसी चालू करता तेव्हा डिस्कवरचं जुनं विंडोज चालूच झालेलं नसतं. पेनड्राइव्हवरचं एक छोटं विंडोज रॅममध्ये, म्हणजे पीसीच्या तात्पुरत्या मेमरीत, जाऊन बसतं, स्वतःला एक्स ड्राइव्ह म्हणवतं आणि तिथून सेटअप चालवतं. डी मधला व्हायरस म्हणजे शेवटी एक फाइल, ती कोणी उघडल्याशिवाय काही करत नाही आणि त्या वेळी ती उघडणारं कोणीच नसतं. जुनं विंडोज घालवायला सी फॉरमॅट मारला की काम झालं, डी ला हात लावायचं कारणच नाही. एवढं मान्य की नवीन विंडोज बसल्यावर डी मधली एखादी क्रॅकवाली सेटअप फाइल तुम्ही स्वतः डबल क्लिक केलीत तर परत लागण होईल, पण ती नंतरची गोष्ट झाली, इन्स्टॉल ६१ टक्क्यांवर का पडतं त्याचं हे उत्तर नाही.

आणि मग तिसरा उपाय, तो लो लेव्हल फॉरमॅट. पार्टिशन डिलीट केलं तर डिस्कच्या सुरुवातीची यादी बदलते, आतला माल जागेवरच असतो, वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. ही टूल्स डिस्कच्या पहिल्या कोपऱ्यापासून शेवटपर्यंत शून्यं लिहितात. मग कुठलाही रिकव्हरीवाला काही करू शकत नाही. खरं लो लेव्हल फॉरमॅट नव्वदच्या दशकापासूनच्या डिस्कवर घरी होतच नाही, ते कारखान्यात होतं, नाव तेवढं राहिलंय. एसएसडी, म्हणजे चिपवाली डिस्क, असेल तर तुम्ही ती उगाच झिजवता, क्रॅश आहे तिथेच. मामाला सॉफ्टवेअर डाउनलोड करायचा कंटाळा आला म्हणून वाचला, नाहीतर माझा शनिवार सांगलीत डोक्याला हात लावून गेला असता.

पहिला उपाय 'सलग तीन वेळा इन्स्टॉल करा, तिसऱ्यांदा विंडोज मशीनला ओळखतं'. ओळखतं म्हणजे काय, पाहुणा आहे का तो? २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच एडमंड नाइटिंगेल, जॉन डाउसर आणि विन्स ऑर्गोव्हन यांनी साधारण १० लाख घरगुती पीसींच्या क्रॅशचा अभ्यास छापला होता. ८ महिन्यांत ज्या मशीनचा प्रोसेसर एकूण किमान ३० दिवस चालला, त्यांच्यात प्रोसेसरच्या भागातल्या बिघाडाने क्रॅश व्हायची शक्यता १९० मध्ये १. पण जे मशीन एकदा असं पडलं ते परत पडायची शक्यता थेट ३.३ मध्ये १. म्हणजे हार्डवेअरमुळे एकदा पडलेलं मशीन पुन्हा पडायची शक्यता कितीतरी पटीने वाढते. अभ्यास जुना आहे, पण सात उपायवाल्याकडे तोही नाही. त्या तिघांनी रॅम आणि डिस्कचे बिघाडही बघितलेत आणि तिथेही एकदा झालेलं परत होण्याचा प्रकार सापडलाय. तेव्हा तिसऱ्यांदा इन्स्टॉल करून काही जुळून येत नाही, प्रत्येक वेळी डिस्कवर आणखी काहीतरी लिहिलं जातं एवढंच.

तीनदा करण्यात एक उपयोग आहे खरा, मेसेजवाल्याला तो माहीत नाही. किती टक्क्यांवर पडतं ते दर वेळी लिहून ठेवा. दर वेळी एकाच आकड्यावर पडत असेल तर बहुतेकदा पेनड्राइव्ह किंवा डाउनलोड केलेली फाइल खराब. वेगवेगळ्या आकड्यांवर पडत असेल तर रॅमकडे बघायला लागा. मामाचं १२, ६१ आणि ३४ टक्के, दोनदा ८००७०५७० हा एरर, म्हणजे विंडोजचं म्हणणं की फाइल करप्ट आहे, आणि एकदा निळ्या पडद्यावर 'मेमरी मॅनेजमेंट'. हे मला फोनवर कळलं ते मामाने मोबाइलवर फोटो काढून ठेवले होते म्हणून, ते एक काम त्याने मेसेजमध्ये नसताना केलं. सेटअपमध्ये काही जीबींची दाबून भरलेली फाइल रॅममधून उलगडत डिस्कवर जाते. त्यात रॅमने एक बिट, म्हणजे एक ० किंवा १, जरी उलटा दिला तरी तपासणीत मेळ बसत नाही आणि विंडोज 'फाइल करप्ट' म्हणतं, पेनड्राइव्हवर ती चांगली असली तरी. रोजच्या वापरात हीच रॅम अधूनमधून हँग करून निभावून नेते आणि म्हणूनच लोक म्हणतात की काल चालत होतं, आज विंडोज टाकायला घेतलं आणि बिघडलं.

चौथ्या उपायावर मात्र मी दोन मिनिटं नुसता बघत बसलो. 'मदरबोर्डची बॅटरी रात्रभर काढून ठेवा, व्हायरस बॅटरीच्या करंटवर जिवंत राहतो.' ती बॅटरी, सीआर २०३२, घड्याळात असते तशी बटणासारखी, ३ व्होल्टची. ती पीसीचं घड्याळ चालू ठेवते आणि बायोसची, म्हणजे विंडोजच्या आधी पीसी सुरू करणाऱ्या प्रोग्रामची, सेटिंग्ज सांभाळते. तिच्यावर कोणी जिवंत वगैरे राहत नाही, ती काय ऑक्सिजनची नळी आहे? मदरबोर्डमध्ये बसणारे व्हायरस असतात, नाही असं नाही. २०१८ मध्ये ईसेट कंपनीने लोजॅक्स नावाचा एक पकडला होता. पण तो फ्लॅश चिपमध्ये राहतो, तिला करंट नसला तरी आतलं पुसलं जात नाही, बॅटरी दिवाळीपर्यंत काढून ठेवा हवं तर.

इथे अर्ध खरं आहे, ते जिवावर येतं पण सांगतो. बॅटरी काढली की बायोस मूळ सेटिंगवर जातो आणि कोणी रॅम जास्त स्पीडवर लावून ठेवली असेल तर ती साध्या स्पीडवर येते. त्याने कधीकधी क्रॅश खरंच थांबतात, वरच्या अभ्यासातही ठरलेल्यापेक्षा कमी स्पीडवर चालणारी मशीन्स जास्त भरवशाची निघाली होती. पण त्यासाठी बायोसमध्ये जाऊन 'लोड डिफॉल्ट्स' केलं तरी तेच होतं, स्क्रूड्रायव्हर घेऊन कॅबिनेटमध्ये शिरायला नको. आणि डिफॉल्टवर जाण्याचीही किंमत असते. मामाच्या मदरबोर्डवर टीपीएमचं (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या भागाचं) सेटिंग डिफॉल्टला बंद आहे, ज्याने असेंबल केला त्याने चालू करून दिलं होतं. बॅटरी काढली, ते बंद झालं, विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतंच, म्हणून सेटअप म्हणालं हा पीसी चालणार नाही. मामाला वाटलं व्हायरसने पीसीच खाल्ला. ते सेटिंग परत चालू करायला मला ४० सेकंद लागली. आणि हो, ज्यांच्या लॅपटॉपवर बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे त्यांनी बायोस, टीपीएम असल्या भानगडींच्या आधी ती ४८ आकडी रिकव्हरी की कुठे आहे ते बघून घ्या, नंतर शोधाशोध नको.

पाचवा, रॅम काढून खोडरबराने घासा. यावर मी फार बोलत नाही कारण मी पण घासली. रत्नागिरी-मालवणकडच्या दमट हवेत रॅमच्या सोनेरी दातांवर थर येतो आणि काढून घट्ट बसवली तरी पुष्कळदा पीसी सुरू होतो, सगळे दुकानवाले हेच करतात. फक्त तो सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो, दर महिन्याला घासाल तर तोच जाईल. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड बरं.

सहावा, 'ओरिजिनल नसेल तर मायक्रोसॉफ्ट मुद्दाम क्रॅश करतं'. नाही करत. सेटअपमध्येच 'माझ्याकडे की नाही' असा पर्याय आहे, तो दाबून पुढे जाता येतं, नंतर कोपऱ्यात अॅक्टिव्हेट करा असं लिहिलेलं दिसतं आणि वॉलपेपर वगैरे बदलता येत नाही. टेलिग्रामवरून घेतलेल्या कापलेल्या-जोडलेल्या फाइलने मात्र क्रॅश होऊ शकतं, त्यापेक्षा मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून फुकट मिळते ती घ्या, ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. सातवा, 'नेट बंद ठेवा', क्रॅशशी त्याचा फारसा संबंध नाही.

शनिवारी सकाळी मी सांगलीत. मेमटेस्ट ८६ प्लस नावाचं रॅम तपासायचं फुकट टूल पेनड्राइव्हवर टाकून नेलं होतं, ते विंडोजशिवाय स्वतःच चालू होतं. रॅमच्या ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या, आधी दोन्ही ठेवून चालवलं, मामीचे पोहे होईपर्यंत पडदा एररच्या लाल ओळींनी भरला. मग एकच पट्टी, पूर्ण फेरी, एकही एरर नाही. ती काढून दुसरी त्याच स्लॉटमध्ये, परत लाल. स्लॉट तोच ठेवायचा हे महत्त्वाचं, नाहीतर दोष पट्टीचा की स्लॉटचा ते कळत नाही. खोडरबर मारून परत बसवली, पुन्हा रॅममधल्या त्याच जागांवर एरर. ती बाजूला काढली, एका पट्टीवर विंडोज ११ पहिल्या झटक्यात बसलं.

म्हणजे जुन्या डिस्कवर नाही हां, मामाची जुनी डिस्क मी आधीच काढून घेतली होती आणि छोटी नवीन एसएसडी लावली होती. जुनी डिस्क केबलने माझ्या लॅपटॉपला जोडली आणि टेस्टडिस्क हे हरवलेली पार्टिशन्स शोधणारं टूल चालवलं. क्विक सर्चमध्ये काही नाही, डीपर सर्चला तासाभराने डी दिसलं, आतल्या फाइल्स बघायला पी दाबलं आणि फोल्डरांची नावं आली, 'सोसायटी', 'आई ८१', 'गणपती २०१४'. इन्स्टॉल दर वेळी अर्धवट पडत होतं म्हणून डिस्कच्या पुढच्या भागापलीकडे काही लिहिलंच गेलं नव्हतं, डी होतं मागच्या अर्ध्यात. सगळं दुसऱ्या डिस्कवर कॉपी करायला संध्याकाळ झाली. मामा शेजारी खुर्ची टाकून बसला होता, फाइलींचा आकडा पळताना बघत. मध्येच म्हणाला, "त्या मेसेजमध्ये रॅम तपासायचं कुठे लिहिलंच नव्हतं रे." खराब पट्टी मी कचऱ्यात टाकली होती, रात्री बघतो तर त्याने ती उचलून पेनस्टँडमध्ये ठेवलेली, असू दे म्हणाला, कधी लागली तर.