पितळी टोपी आणि बांधावरचा दगड

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सीमेला लागून, दहा लाख एकरांहून मोठा असा तळ्यांचा आणि जंगलाचा प्रदेश आहे. त्याचे नाव बाउंडरी वॉटर्स कनू एरिया. हजाराहून अधिक तळी, त्यांच्यामध्ये खडकाळ पट्टे, आणि एका तळ्यातून दुसऱ्या तळ्याकडे कनू, म्हणजे वल्हवायची हलकी होडी, डोक्यावर घेऊन जाण्याच्या पायवाटा, ज्यांना इथे पोर्टेज म्हणतात. गेली काही वर्षे मी दर उन्हाळ्यात चार-पाच दिवस तिथे वल्हवायला जातो. मागच्या वेळी अशाच एका पोर्टेजवर पाय ठेवायला जागा शोधताना वाटेपासून थोडे आत, फरच्या खोडावर ठोकलेली एक पिवळी पत्र्याची पाटी दिसली. तिच्यावर छत्तीस चौकटींचा लहानसा नकाशा होता आणि त्यातल्या एका कोपऱ्यावर खिळा मारलेला होता. पाटीने दाखवलेल्या दिशेने शेवाळ बाजूला केल्यावर जमिनीतून वीतभर वर आलेला लोखंडी नळ आणि त्याच्यावरची पितळी टोपी सापडली. टोपीवर आडव्या-उभ्या रेघा, टाउनशिपचा आणि सेक्शनचा आकडा कोरलेला होता.

माणसाची वस्ती नाही, रस्ता नाही, घर बांधायला परवानगी नाही, अशा रानात जमिनीचा कोपरा इतक्या काटेकोरपणे कुणी आणि का सांभाळून ठेवला असेल, हा प्रश्न मला त्या दिवसापासून सुटत नाही. त्याचे उत्तर शोधताना मी जे वाचले, ते आमच्या इंदापूर तालुक्यातल्या शेताच्या वादाला इतके लागू पडते की ते इथे मांडावेसे वाटते.

अमेरिकेने १७८५ च्या कायद्याने आपली पश्चिमेकडची जमीन चौरसांत मोजायला घेतली. सहा मैल लांब, सहा मैल रुंद ती एक टाउनशिप, तिचे छत्तीस सेक्शन, प्रत्येक सेक्शन एक चौरस मैलाचा, म्हणजे ६४० एकरांचा. उत्तर मिनेसोटाचा हा भाग ओजिब्वे या तिथल्या मूळ रहिवासी लोकांचा. १८५४ च्या ला पॉइंट करारात त्यांनी तो अमेरिकी सरकारला दिला, मात्र तिथे शिकार करण्याचा, मासे धरण्याचा आणि रानातला जिन्नस गोळा करण्याचा हक्क स्वतःकडे राखला. त्यानंतर सर्वेअर साखळी घेऊन आत शिरले. रेषा तळ्यात उतरली की काठावर एक कोपरा रोवायचा, किनाऱ्याचे वळण मोजत पलीकडे जायचे आणि तिथून तीच रेषा पुढे न्यायची. दगड किंवा लाकडी खुंट रोवल्यावर जवळच्या झाडांची साल सोलून त्यांवर आकडे कोरायचे आणि त्या झाडांपासून कोपऱ्याचे अंतर व दिशा वहीत लिहायची, अशी पद्धत होती. ही साक्षीची झाडे. झाड वाढते, जखम भरून येते, कोरलेले अक्षर आत बुजते. पुढे कित्येक वर्षांनी एखादा सर्वेअर तिथे आला की तो खोडाचा तेवढाच भाग जपून कापतो आणि वरच्या लाकडाच्या आतल्या बाजूला ती अक्षरे उलटी उमटलेली त्याला सापडतात. ४ जुलै १९९९ च्या वादळाने या अरण्यातली लाखो झाडे एका दिवसात आडवी झाली आणि २०११ च्या वणव्यात सुमारे ९३ हजार एकर जळाले, तेव्हा अशी किती साक्षीची झाडे गेली असतील याचा विचार मनातून जात नाही. माझ्या समोरचा नळ आणि टोपी हे जुन्या लाकडी खुंटाच्या जागी नंतर बसवलेले रूप होते.

हे रान आता कुणाला विकायचे नाही, मग कोपरे कशाला हवेत, असे वाटणे साहजिक आहे. पण प्रत्येक टाउनशिपमधले सोळा आणि छत्तीस क्रमांकाचे सेक्शन मिनेसोटा राज्याला शाळांच्या खर्चासाठी मिळालेले होते. त्यातली सुमारे ऐंशी हजार एकर जमीन या अरण्याच्या हद्दीत अडकून पडली आहे. तिथे झाड तोडता येत नाही, खाण काढता येत नाही, म्हणून शाळांच्या निधीला तिचे उत्पन्नही मिळत नाही. ती जमीन केंद्राने विकत घ्यावी की बदल्यात दुसरी द्यावी, यावर अनेक वर्षे वाद चालत आला. निर्णय काहीही झाला तरी मोजमाप त्या शेवाळाखालच्या टोप्यांपासूनच सुरू होणार.

आता आमच्या घरचे. माझ्या चुलतभावाच्या आणि शेजाऱ्याच्या शेताची मोजणी गेल्या काही वर्षांत दोनदा झाली आणि दोन्ही वेळा हद्दीची रेषा वेगळी आली. एकदा ती आमच्या विहिरीच्या अलीकडून गेली, एकदा पलीकडून. दुसऱ्या मोजणीला उपग्रहाशी जोडलेले रोव्हर यंत्र आणले होते आणि जुने दगड शोधायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. मी तक्रार केली तेव्हा भाऊ मला म्हणाला, “दादा, तुमच्याकडं अमेरिकेत तर सगळं सॅटेलाइटवर चालतं म्हणे. मग आपण या जुन्या दगडांना कशाला धरून बसायचं?” महाराष्ट्रात पुनर्मोजणीची जी चर्चा चालते, तिच्यात हाच सूर मला वारंवार ऐकू येतो, आणि त्यात अमेरिकेचे नाव दाखल्यासारखे घेतले जाते. हा दाखला चुकीचा आहे.

अमेरिकेत नेमके उलटे आहे. १८०५ च्या कायद्यापासून तिथे असे धरले जाते की मूळ सर्वेअरने रोवलेला कोपरा हाच खरा कोपरा. तो कागदावरच्या अंतरापेक्षा पन्नास फूट बाजूला असला तरी हलवायचा नाही. नव्या यंत्राचे काम तो कोपरा दुरुस्त करण्याचे नाही, तो कुठे आहे हे शोधून नोंदवण्याचे आहे. कोपरा सापडला नाही तरी त्याला लगेच हरवलेला म्हणता येत नाही. खूण गेलेली असेल, पण जुन्या नोंदींवरून, कुंपणावरून किंवा जाणत्या माणसाच्या साक्षीवरून जागा सांगता येत असेल, तर त्याला पुसलेला कोपरा म्हणतात आणि त्याच जागी नवी खूण बसते. हे सगळे संपल्यावर मगच आजूबाजूच्या कोपऱ्यांवरून गणिताने जागा काढायची मुभा आहे. सरकारी मोजणीची खूण जाणूनबुजून नष्ट करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

चुकीची मोजणीसुद्धा किती ठाम उभी राहते, याचे एक उदाहरण याच राज्यात, चिपेवा राष्ट्रीय वनात आहे. १८८२ मध्ये जोसाया किंग आणि त्यांच्या तुकडीने कॉडिंग्टन नावाचे तळे नकाशावर खऱ्या जागेपासून सुमारे अर्धा मैल वायव्येला दाखवले. लाकडाच्या व्यापाऱ्यांच्या कागदावर तिथे पाणी होते, म्हणून ती पाइनची झाडे कुणी विकत घेतली नाहीत आणि तोडलीही नाहीत. आज तिथे १४४ एकरांचे जुने जंगल उभे आहे. मी त्या झाडांखाली उभा राहिलो आहे. दोन माणसांच्या कवेत न मावणारी खोडे आहेत.

मात्र अमेरिकेचा नियम जसाच्या तसा उचलावा असेही मी म्हणणार नाही, कारण दोन्हीकडच्या मोजणीचा स्वभाव वेगळा आहे. अमेरिकेत रेषा आधी आली आणि शेतकरी मागून. ओजिब्वे लोकांचे तळे, त्यांची वाट, त्यांचा तळ्यांतल्या रानभाताचा हंगाम यांतले काहीही त्या चौरसांत विचारात घेतले नव्हते. आपल्याकडे १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जमाबंदी लावली, तेव्हा शेते आधीच होती, त्यांना बांध होते, कसणारी कुटुंबे होती. मोजणी त्या बांधांच्या मागून चालली आणि दगड त्या बांधांवर बसले. म्हणजे आपल्या दगडाला दोन साक्षी आहेत, सरकारी वहीची आणि कसणाऱ्याच्या नांगराची. अमेरिकेतल्या कोपऱ्याकडे पहिली एकच होती, तरी ते त्याला इतके जपतात.

मोजायचे माप तर दोन्हीकडे एकाच घरातले आहे. बाउंडरी वॉटर्समध्ये पोर्टेजची लांबी आजही रॉडमध्ये सांगतात. एक रॉड साडेसोळा फुटांचा. दाट रानात अमेरिकी सर्वेअर पूर्ण साखळीऐवजी दोन रॉडची, तेहतीस फुटांची साखळी वापरत. आपली सोळा आण्यांची साखळीही तेहतीस फुटांची, आणि तिचा चौरस म्हणजे आपला गुंठा. ऐंशी रॉडच्या पोर्टेजवर कनू खांद्यावर घेऊन चालताना मी मनात चाळीस साखळ्या मोजतो.

आपल्याकडची एक अडचण मला मान्य करावी लागते. अरण्यातल्या टोपीला शेजारी नाही. आपल्या दगडाला आहे. दगड रात्रीतून सरकतात, बांध दर पेरणीला थोडा थोडा कोरला जातो, आणि गट पाडताना कित्येक जुने सर्व्हे नंबर एकत्र झाल्यामुळे कुठला दगड कशाचा हेच घरच्यांना सांगता येत नाही. म्हणून दगडावर डोळे झाकून विश्वास ठेवा असे कुणी म्हणू नये. पण सरकलेला दगड ओळखायचे साधन आपल्याकडे आहे. भूमी अभिलेख कार्यालयात टिपण आहे, गुणाकार बुक आहे, फाळणीचे नकाशे आहेत. त्यांत दोन दगडांमधले अंतर साखळी-आण्यांत लिहिलेले असते. तीन दगड टिपणाशी जुळले आणि चौथा जुळला नाही, तर कुठला सरकला हे उघड होते. रोव्हर यंत्र आपण उभे असलेली जागा अचूक सांगते, ती जागा कुणाची हे सांगत नाही. ते यंत्र आधी जुन्या दगडांवर ठेवावे, त्यांचे स्थान नोंदवावे, ते टिपणाशी ताडून पाहावे आणि मगच नवी हद्द कायम करावी, एवढाच माझा आग्रह आहे. हा क्रम उलटा झाला तर नकाशा सुबक होईल, पण गावागावांत दिवाणी दावे वाढतील आणि त्यांची किंमत वकील लावू न शकणारा माणूस मोजेल. महाराष्ट्राच्या १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमाने हद्दीच्या खुणा नीट राखण्याची जबाबदारी जमीनधारकावरच टाकली आहे, हेही आपण विसरलो आहोत.

या मे महिन्यात गावी गेलो तेव्हा भावाला आणि शेजाऱ्याला बरोबर घेऊन आम्ही टिपणाची नक्कल काढली आणि सकाळी सकाळी बांधाने चाललो. दोन दगड सापडले, एक बाभळीच्या मुळांत, दुसरा ओढ्याच्या काठी अर्धा मातीत. तिसरा विहिरीच्या बाजूचा, ज्यावर सगळा वाद आहे, तो मिळाला नाही. तो कुठे होता हे सांगू शकणारे गावात दोघे आहेत, दोघेही ऐंशीच्या पुढचे, आणि त्यातले एक आमच्या शेजाऱ्याचे वडील. त्यांना बैलगाडीने जागेवर नेऊन त्यांचे म्हणणे पंचांसमोर लिहून घ्यायचे, असे दोन्ही घरांनी ठरवले आहे. पेरणी आटोपली की भाऊ कळवणार आहे.