तीन वर्षं गप्प बसलं की कर्ज माफ? छे!

सोसायटीच्या ग्रुपवर परवा पुन्हा तो मेसेज आला. ‘सुप्रीम कोर्टाचा दणका! कर्ज तीन वर्षं थकलं की आपोआप माफ. जामीनदाराला कोणी हात लावू शकत नाही. कर्ज ही दिवाणी बाब, जेल होतच नाही. वसुलीवाला दारात आला तर तो गुन्हा.’ कुठला निकाल, कोणत्या सालचा, काही पत्ता नाही. मी सहा वर्षं एका पतसंस्थेत वसुलीला होतो, म्हणून लिहितोय.

तीन वर्षांचा आकडा हवेतून आलेला नाही. १९६३ च्या मुदत कायद्यात साध्या पैशाच्या दाव्याला तीन वर्षं आहेत. पण मुदत संपते ती दावा लावायची, कर्ज तिथंच राहतं. आणि ती संपण्याआधी कर्जदाराने बाकी कबूल असल्याची सही दिली, की त्या तारखेपासून नवी तीन वर्षं. आम्ही दर मार्चला बाकी-कबुलीचे छापील कागद घेऊन फिरायचो. लोक चहा पाजायचे, ‘पैसे नाहीत साहेब, सही काय, करतो की’ म्हणायचे. आम्हाला त्या दिवशी तेवढंच हवं असायचं.

घर तारण असेल तर दाव्याची मुदतच १२ वर्षांची. शिवाय बँक तोवर थांबते कुठे? ९० दिवस हप्ता थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्जात जमा होतं, मग सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस आणि पुढे दावा न लावताच घराचा ताबा. (शेतजमीन सरफेसीतून वगळलेली आहे, एवढं खरं.) पतसंस्थेला तर सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली सहकार खात्याच्या निबंधकाकडून वसुली दाखला मिळतो, म्हणजे दिवाणी कोर्टात न जाताच वसुलीचा आदेश.

जामीनदाराचं वाचून हसूच आलं. आमचा पहिला फोन त्यालाच जायचा. करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर त्याची जबाबदारी कर्जदाराइतकीच, असं १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ सांगतं.

जेलचं अर्धं बरोबर आहे. निव्वळ ऐपत नाही म्हणून कोणाला दिवाणी कैदेत टाकता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९८० मध्येच जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात सांगितलंय. पण हप्त्याचा चेक वटला नाही तर चेकच्या कायद्याचं (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं) कलम १३८ आहे, आणि खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता बाउन्स झाला तर २००७ च्या पेमेंट कायद्याचं कलम २५. दोन्हींत दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बाउन्सची नोटीस हातात पडल्यावर पैसे भरायला १५ दिवस मिळतात, आणि असले मेसेज वाचून निर्धास्त झालेली माणसं ते पाकीटच फोडत नाहीत.

राहिला वसुलीवाला. दारात येणं हा गुन्हा नाही. मेसेज लिहिणाऱ्याने खरा हक्क सोडून खोटा वाटलाय. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या आदेशानुसार सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, चारचौघांत बेअब्रू, नातेवाइकांना छळणं, सगळ्याला मनाई आहे. माझ्या मावसभावाने एका फायनान्स कंपनीकडून हप्त्यावर मोबाइल घेतला. दोन हप्ते चुकले. रात्री साडेनऊला त्याच्या सासऱ्यांना फोन : ‘जावयाला सांगा, नाहीतर उद्या तुमच्या गल्लीत येऊन बोंब मारतो.’ एका वाक्यात तीन नियम मोडले!

सासऱ्यांकडून नंबर आणि वेळ लिहून घेतली, कॉल लॉगचा स्क्रीनशॉट मागवला आणि कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल केला. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट, वकिलाशिवाय. (पतसंस्था लोकपालाच्या कक्षेत येत नाहीत. त्यांची तक्रार उपनिबंधकाकडे.) तिथवर जावं लागलं नाही. सतराव्या दिवशी कंपनीचं माफीचं पत्र आलं, रात्रीचे फोन थांबले. पत्राच्या खाली थकलेल्या दोन हप्त्यांची रक्कम मात्र ठळक अक्षरांत होती, आणि ती त्याने भरली.