एल्गर १९२० साली संपला नव्हता

पाश्चात्त्य संगीतावर गप्पा निघाल्या की एक गोष्ट हमखास सांगितली जाते. एप्रिल १९२० मध्ये पत्नी ॲलिस गेली आणि इंग्रज संगीतकार एडवर्ड एल्गरने पुन्हा एक सूर लिहिला नाही. १९२३ च्या नोव्हेंबरात तो बोटीने ॲमेझॉनला गेला, तो आतून रिकामा झालेला म्हातारा. पुरावा हवा असेल तर याच प्रवासावरची जेम्स हॅमिल्टन-पॅटर्सनची कादंबरी 'जेरॉन्शिअस' (१९८९) वाचा.

कादंबरी मला फार आवडते, म्हणूनच तिला या कामाला जुंपलेलं बघवत नाही. सहासष्ट वर्षांचा एल्गर लिव्हरपूलहून निघून थेट ब्राझीलमधल्या मनाऊसपर्यंत जाऊन आला, एवढं खरं. वाटेत तो कुणाशी काय बोलला, रात्री जागा राहून काय आठवत बसला, याची नोंद जवळजवळ नाहीच. लेखकाने शिरकाव केला तो याच मोकळ्या जागेत. त्याने घडवलेला म्हातारा कितीही खरा वाटला, तरी त्याला साक्षीला उभं करता येत नाही.

'एक सूर लिहिला नाही' हे तर सरळ चूक आहे. प्रवासाआधीच त्याने बाखची ऑर्गनवरची एक रचना, फँटेशिया आणि फ्यूग, वाद्यवृंदासाठी बांधली होती, 'आर्थर' नाटकाला संगीत दिलं होतं. परतल्यावर १९२४ मध्ये लंडनच्या वेम्ब्लीतल्या ब्रिटिश साम्राज्य प्रदर्शनासाठी मार्च आणि गाणी, १९३० मध्ये ब्रास बँडसाठी 'सेव्हर्न सुइट', १९३१ मध्ये 'नर्सरी सुइट'. यातलं काहीही १९१९ च्या चेलो कॉन्चेर्टोच्या (चेलो आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनेच्या) तोडीचं नाही, हे मी मान्य करते. दुःखही खोटं नव्हतं. पण त्याच कॉन्चेर्टोचा पहिला प्रयोग अपुऱ्या तालमींमुळे फसला, तेव्हा ॲलिस हयात होती. उतरणीचं सगळं खापर तिच्या मृत्यूवर फोडणं सोपं आहे, म्हणून ते फोडलं जातं.

आणि रिकामा? १९३२ मध्ये, पंचाहत्तरीत, त्याने स्वतःच्या व्हायोलिन कॉन्चेर्टोचं ध्वनिमुद्रण केलं. वाजवणारा होता सोळा वर्षांचा व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन, जो पुढे रविशंकरांबरोबर वाजवायला बसला. पुढच्या वर्षी हाच म्हातारा आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून पॅरिसला गेला आणि मेन्युहिनला घेऊन तोच कॉन्चेर्टो त्याने तिथे सादर केला. बीबीसीसाठी तिसरी सिंफनी हाती घेतली होती. तिची शंभराहून अधिक पानं मागे राहिली, त्यांवरून संगीतकार अँथनी पेनने ती उभी केली आणि १९९८ मध्ये ती लंडनला वाजली.

जानेवारी १९३४ मध्ये कर्करोगाने त्याला वूस्टरच्या घरी अंथरुणाला खिळवलं होतं. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत त्याच्या 'कॅरॅक्टॅकस' या गायनवृंदासाठीच्या रचनेतल्या तुकड्यांचं ध्वनिमुद्रण होतं. टेलिफोनची तार थेट त्याच्या खोलीपर्यंत आणली गेली, आणि त्याने पडल्यापडल्या ऐकत वाद्यवृंदाला सूचना दिल्या. महिन्याभराने तो गेला.