हात दाखवून अवलक्षण

"हातमोजे घाल," असं बायको म्हणाली तेव्हा मी हसलो होतो. पुढचे तीन दिवस घरात दुसरं कोणी ना कोणी हसत होतं.

प्रकरण सुरू झालं ते गॅलरीतल्या मिरचीच्या चार रोपांपासून. सगळा उन्हाळा त्यांनी मला एका मिरचीसाठी ताटकळत ठेवलं. आणि थंडीची चाहूल लागताच, हॉल रिकामा करून द्यायच्या घाईतल्या वऱ्हाडासारखी सगळी रोपं एकदम लगडली. तोडून वजन केलं तर दोन किलो. शेजाऱ्यांना वाटून झाल्या. दुसऱ्यांदा पिशवी घेऊन गेलो तेव्हा आत टीव्ही चालू होता, पण दार कोणी उघडेना. मग मी जाहीर केलं की या मिरच्या आपण हिवाळ्यासाठी मुरवणार. अर्ध्या व्हिनेगरमध्ये, अर्ध्या मिठाच्या पाण्यात. "आपण म्हणजे कोण?" असं बायकोनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ती बाहेरच्या खोलीत निघून गेली. जाता जाता ते हातमोज्यांचं वाक्य टाकून गेली.

मुलीला फार तिखट नको होतं. तिखटपणा बियांत असतो ही माझी लहानपणापासूनची पक्की समजूत. त्यामुळे बिया मी चमच्यानं काढल्या आणि आतली पांढरी शीर मात्र अंगठ्याच्या नखानं, एकेका मिरचीतून, अगदी निगुतीनं खरवडली. सगळा तिखटपणा त्या शिरेतच तयार होतो. बियांच्या अंगाला तो लागतो केवळ शेजारधर्मानं. हे मी नंतर वाचलं. नंतर म्हणजे मोबाइलच्या पडद्याला बोट लावणं शक्य झाल्यावर.

गंमत अशी की चिरताना काहीच झालं नाही. एवढ्या मिरच्या, दीड तास, आणि हात गार. मी ते बायकोला नेऊन दाखवले. "बघ. काही होत नाही." हात दाखवून अवलक्षण ही म्हण बहुधा अशाच एखाद्या स्वयंपाकघरात जन्मली असावी. अर्ध्या तासानं नखांच्या कडांना किंचित ऊब जाणवली. मला ती श्रमाची वाटली. मग ती ऊब बोटांत आली, बोटांतून तळव्यात, आणि रात्रीच्या जेवणापर्यंत माझे दोन्ही हात मनगटापर्यंत पेटले होते. दिसायला मात्र जेमतेम गुलाबी. दुःख दिसत नसेल तर घरात त्याला काडीची किंमत नसते.

मी धावत जाऊन हात धुतले, तेही गरम पाण्यानं. मिरचीला तिखट करणारं कॅप्सायसिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, हा पहिला घोटाळा. दुसरा त्याहून मोठा. आपल्या कातडीतल्या मज्जातंतूंवर एक दार असतं. साधारण 43 अंशांच्या वर काही टेकलं की ते उघडतं आणि मेंदूला 'भाजलं' अशी वर्दी जाते. कॅप्सायसिन तेच दार उष्णतेशिवाय उघडतं, आणि वर त्याला इतकं हळवं करून ठेवतं की कोमट पाणीसुद्धा उकळतं वाटावं. हे दार शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना 2021 सालचं नोबेल मिळालं. मी त्या रात्री तोच शोध दोन्ही हातांनी स्वतंत्रपणे लावला, पण नोंद घ्यायला कोणी नव्हतं. मेंदू म्हणत होता की हात चुलीत आहेत. मी त्याला परोपरीनं सांगितलं की नाहीत. घरात माझं कोणी ऐकत नाही हे मी स्वीकारलंय, पण निदान स्वतःच्या मेंदूनं तरी?

आणि याच सुमारास मी डोळा चोळला.

त्याबद्दल फार लिहीत नाही.

शेवटी बायकोनंच सूत्रं हाती घेतली. आधी हातांना तेल चोळायला लावलं, कारण कॅप्सायसिन तेलात उतरतं. मग भांडी घासायचा साबण, पुन्हा तेल, पुन्हा साबण. त्यानंतर मी फ्रीजमधल्या थंडगार दुधाच्या पातेल्यात दोन्ही हात बुडवून ओट्याशी उभा राहिलो. त्याच मुहूर्तावर सासऱ्यांचा फोन आला. मला तो घेता येणं शक्यच नव्हतं. बायकोनं घेतला, आणि घडलेला प्रकार त्यांना तिखटमीठ लावून सांगितला. तिखट घरात मुबलक होतंच. पलीकडून बराच वेळ हसण्याचा आवाज येत होता.

मला त्या रात्री झोपेत आठवत राहिले ते 1912 सालचे लोक. विल्बर स्कोव्हिल नावाच्या अमेरिकन औषधतज्ज्ञानं मिरचीचा तिखटपणा मोजायची रीत काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचा, आणि चव घेणाऱ्या माणसांना तिखट लागेनासं होईपर्यंत पाजत राहायचं. मोजमापाला नाव स्कोव्हिलचं लागलं. पाजून घेणाऱ्यांची नावं कोणाला ठाऊक?

सकाळी गॅलरीत एक पक्षी उरलेली लाल मिरची शांतपणे खात बसला होता. पक्ष्यांना मिरची तिखट लागतच नाही. ते बिया अख्ख्या बाहेर टाकतात, दूरवर पेरतात, म्हणून मिरचीनं त्यांना माफी दिली आहे. शिक्षा आहे ती बिया दाढांनी रगडणाऱ्या आम्हा सस्तन प्राण्यांना. आपण सस्तन आहोत याचं इतकं वाईट मला यापूर्वी कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हातमोजे घालून व्हिनेगर उकळायला ठेवलं आणि मूर्खासारख्या अर्ध्या मिरच्या एकदम त्यात लोटून वर वाकून पाहिलं. नाकाला मिरच्या झोंबणं हा वाक्प्रचार शाळेत वाक्यात उपयोग करून झाला होता, जगून झाला नव्हता. पाच मिनिटांत घरातली सगळी माणसं खोकत जिन्यात उभी होती. बरण्या भरल्या, गाजराच्या चकत्या घातल्या, लसूण घातला. दोन दिवसांनी लसूण निळा झाला. म्हणजे खरोखर निळा, शाईचा असतो तसा. आम्लात लसणातली गंधकाची संयुगं असले रंग दाखवतात आणि त्यानं अपाय काही होत नाही, हे मी घरच्यांना समजावून सांगितलं. मुलगी म्हणाली, "आधी तू खा."

मिठाच्या पाण्याची बरणी ही वेगळीच जबाबदारी. लिटरभर पाण्यात 50 ग्रॅम मीठ, मिरच्या पाण्याखाली दाबलेल्या, आणि बाकीचं काम जिवाणूंचं. ते आंबवताना वायू सोडतात, म्हणून झाकण रोज जरा सैल करायचं. मी चौथ्या दिवशी विसरलो. पाचव्या दिवशी ते मी उघडलं असं म्हणण्यापेक्षा त्यानंच मला उघडलं. आठवड्यानं पाण्यावर पांढरी साय धरली. ती बिनकेसाळ होती, म्हणजे बुरशी नव्हे, यीस्ट. काढून टाकली की भागतं. पण 'बिनकेसाळ' या शब्दानंतर त्या बरणीकडे कोणी फिरकलं नाही.

यथावकाश कडाक्याची थंडी पडली आणि सासरे राहायला आले. जेवताना मी व्हिनेगरची बरणी ताटाशेजारी ठेवली. काही झालं तरी अभिमान असतो.

"मला तिखट सोसत नाही हो," सासरे म्हणाले. "ते गाजर तेवढं घेतो."

आता, दोन महिने एका बरणीत राहिलं की सगळ्यांचा स्वभाव सारखाच होतो. गाजर तर सगळ्यांत जास्त शोषून बसलं होतं. मी सांगायला तोंड उघडलं, पण मला त्यांचं फोनवरचं हसणं आठवलं आणि घास गिळायला जरा वेळ लागला. तोवर त्यांनी चकती दोन बोटांत धरून तोंडात टाकली होती.

ते काही बोलले नाहीत. चेहऱ्याचा रंग बदलला. डोळे भरून आले. भरल्या डोळ्यांनी त्यांनी लेकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि डोळे पुसायला तीच दोन बोटं वर उचलली.

"बाबा, हात!" आम्ही तिघंही एकदम ओरडलो, आणि मी दुधाचं पातेलं आणायला धावलो.