हॉस्पिटलच्या खाटेवर राजीनाम्यावर सही करू नका

दादाला स्ट्रोक आला तेव्हा त्याच्या नोकरीला चार वर्षं दोन महिने झाले होते. उजवा हात आणि पाय लुळा पडला, शब्द अडखळायला लागले. अकराव्या दिवशी ऑफिसमधले दोघे भेटायला आले. पाऊण तास बसले, धीर दिला आणि निघताना एचआरच्या बाईंनी एक टाइप केलेला कागद पुढे केला. "स्वतःहून दिलात तर रेकॉर्ड स्वच्छ राहील, रिलीव्हिंग लेटर चांगलं मिळेल."

दादाने डाव्या हाताने सही केली. तो अकाउंट्समधला माणूस. सही जुळत नाही म्हणून त्याने आजवर कितीतरी व्हाउचर परत पाठवली असतील. त्याची ती वाकडीतिकडी सही मात्र कंपनीने एका शब्दाने न विचारता ठेवून घेतली. वहिनी तिथेच होती. तिला वाटलं, भली माणसं आहेत. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं, आणि त्याचा त्रास मला अजून होतो.

पाच वर्षं भरली नाहीत तर ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी संपताना कंपनीकडून मिळणारी एकरकमी रक्कम, मिळत नाही, एवढंच आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलंय. पण १९७२ च्या कायद्यात त्याच कलमात पुढे लिहिलं होतं की नोकरी मृत्यूमुळे किंवा अपंगत्वामुळे संपली, तर पाच वर्षांची अट लागत नाही. हे अपंगत्व फक्त अपघाताचंच असावं लागतं असंही नाही. आजारामुळे माणसाला आधीचं काम करता येईनासं झालं, तरी ते त्यात बसतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, आणि ही तरतूद तिथेही आहे. दादाच्या कागदावर काय छापलं होतं? 'वैयक्तिक कारणास्तव'. त्या दोन शब्दांत त्याचे हक्काचे पैसे अडकले.

पीएफसोबतच्या पेन्शन योजनेचंही तेच. नोकरीत असताना कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पेन्शनसाठी दहा वर्षं लागत नाहीत, एक महिन्याची वर्गणी पुरते. पण 'नोकरीत असताना'. म्हणून तो राजीनाम्याचा कागद इतका महागात पडतो.

आता ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेबद्दल, कारण ज्यांच्या पगारातून ते कापलं जातं त्यातल्या अनेकांना त्यातून काय मिळतं हेच माहीत नसतं. साध्या आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के. कॅन्सर, टीबी, अर्धांगवायू, किडनी निकामी होणं अशा ३४ दीर्घ आजारांत ८० टक्के, आणि तेही दोन वर्षांपर्यंत. त्यासाठी दोन वर्षांची नोकरी आणि ठरावीक दिवसांची वर्गणी लागते. १९४८ च्या मूळ कायद्याच्या ७३ व्या कलमात तर आजारपणाचे पैसे चालू असताना माणसाला कामावरून काढायलाच मनाई होती. त्या काळात दिलेली नोटीस कायद्याने बाद. देश नुकताच स्वतंत्र झाला होता, तिजोरीत फार काही नव्हतं, तरी एवढा विचार त्या लोकांनी केला होता.

पण ईएसआयची पगारमर्यादा २०१७ पासून २१,००० रुपये आहे. दादाचा पगार त्याच्या थोडा वर. म्हणजे तो यातून बाहेर. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला ८ नैमित्तिक रजा आहेत आणि साठवलेली हक्काची रजा जास्तीत जास्त ४५ दिवस. एकूण ५३. स्ट्रोकमधून माणूस ५३ दिवसांत उठून टेबलावर बसतो का? सरकारी नोकरीत असता, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने त्याला काढता आलं नसतं. ते काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीवर दुसरं काम, आणि तशी जागा नसेल तर जादा पद तयार करून ठेवावं लागलं असतं. तोच मेंदू, तीच गाठ, पण खाजगी नोकरी म्हणून वेगळा न्याय. मला हे कुणीही समजावून सांगितलं तरी पटणार नाही.

छोट्या मालकाची अडचण मला कळते. सहा महिने रिकामी खुर्ची त्याला परवडत नाही. मग त्याने तसं लेखी लिहावं, की आजारपणामुळे तुम्हाला काम करता येत नाही म्हणून नोकरी संपवत आहोत, आणि देणं लागतो ते द्यावं. आजाऱ्याच्याच हाताने 'मी जातो' लिहून घेऊ नये.

तुमच्या घरी अशी वेळ आली तर डॉक्टरांच्या सर्टिफिकेटसह रजेचा अर्ज ईमेलने पाठवा, फोनवर बोलणं झालं असलं तरी. कुणी कागद पुढे केला तर "घरी वाचून कळवतो" म्हणा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. सही होऊन गेली असेल तरी राजीनामा लागू होण्याच्या तारखेआधी सहसा मागे घेता येतो. आम्हाला हे तारीख उलटल्यावर कळलं.

गेल्या महिन्यात आम्ही ग्रॅच्युइटीचा अर्ज केला, न्यूरोलॉजिस्टच्या सर्टिफिकेटसह. दादाने त्यावर डाव्या हातानेच सही केली. पण आधी चारही पानं वाचली, बोट ठेवून, एकेक ओळ. वीस मिनिटं लागली. आम्ही सगळे गप्प बसून होतो.