स्वीडनचा कचरा संपलेला नाही

‘स्वीडनमधला कचरा संपला! तिथे ९९ टक्के कचऱ्याचं रिसायकलिंग होतं, म्हणून आता ते शेजारच्या देशांकडून कचरा विकत घेतात. आपल्या महापालिकांना हे का जमत नाही?’ हा मजकूर बरीच वर्षं व्हॉट्सॲपवर फिरतोय. त्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकलेलं आहे.

आधी ९९ टक्के. आकडा हवेतला नाही, अर्थ मात्र भलताच लावलाय. स्वीडनमध्ये घरगुती कचऱ्यापैकी जेमतेम एक टक्का जमिनीत पुरला जातो. बाकीच्यातला साधारण निम्मा भट्टीत जळतो. म्हणजे ‘पुरला नाही’ याचं परस्पर ‘रिसायकल झाला’ करून टाकलंय. युरोपीय संघाच्या २००८च्या निर्देशात कचऱ्याच्या पाच पायऱ्या आहेत: निर्माणच न होऊ देणं, पुन्हा वापरणं, रिसायकलिंग, मग ऊर्जेसाठी जाळणं आणि शेवटी पुरणं. जाळणं चौथ्या पायरीवर येतं, रिसायकलिंगच्या आकड्यात ते धरत नाहीत. त्या आकड्यात जर्मनी साठ टक्क्यांच्या वर आहे, स्वीडन बरंच खाली. कचरा संपलाय म्हणावं, तर स्वीडनमध्ये आजही माणशी दिवसाला किलोभराहून जास्त कचरा निघतो.

‘विकत घेतात’ हे तर साफ उलटं आहे. कचरा पाठवणारा पैसे मोजतो आणि स्वीडन ते घेतं. ब्रिटनमध्ये कचरा पुरायचा तर २०२४ मध्ये टनामागे १०० पौंडांहून जास्त कर होता. त्यापेक्षा गठ्ठे बांधून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून जहाजाने धाडणं परवडतं. स्वीडनला तो हवा असतो, कारण तिथल्या शहरांत घरं तापवायला जमिनीखालच्या पाइपांतून गरम पाणी फिरतं आणि ते तापवणाऱ्या भट्ट्यांची क्षमता देशातल्या कचऱ्यापेक्षा जास्त आहे. टनभर कचऱ्यातून साधारण तीन मेगावॉट-तास, म्हणजे तीन हजार युनिट ऊर्जा मिळते. हिवाळ्यात भट्टी बंद ठेवून चालत नाही.

मजकुरात राखेबद्दल एक अक्षर नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे. जाळलेल्या कचऱ्याच्या वजनाचा साधारण पाचवा भाग भट्टीच्या तळाशी राख म्हणून उरतो. त्यातलं लोखंड, ॲल्युमिनियम काढून घेतात. धुरातून पकडलेली बारीक राख त्याहून कितीतरी कमी, पण घातक: शिसं, जस्त, क्लोराइडं आणि डायॉक्सिनं, म्हणजे कचरा जळताना तयार होणारी विषारी संयुगं. धुरात चुना आणि सक्रिय कोळसा (विषारी द्रव्यं शोषून घेणारी कोळशाची पूड) सोडून, कापडी गाळण्यांतून तो गाळतात, म्हणून चिमणीतून विष कमी निघतं. ते या राखेत गोळा होतं. ही राख स्वीडनने वर्षानुवर्षं नॉर्वेतल्या लांगोया बेटावर पाठवली. तिथे चुनखडीच्या जुन्या खाणीत, कारखान्यांतून वाया गेलेल्या सल्फ्युरिक आम्लात ती मिसळून जिप्समच्या थरात बंदिस्त केली जायची. कचरा आयात करणारा देश आपली राख निर्यात करत होता! शिवाय प्लास्टिक जळतं तेव्हा खनिज तेलातलाच कार्बन हवेत जातो, तो कुठल्याही गाळणीत अडकत नाही.

स्वीडनकडून घेण्यासारखं आहे ते वेगळंच. २००० मध्ये कचरा पुरण्यावर कर बसला, २००२ पासून जळणारा आणि २००५ पासून जैविक कचरा पुरायला बंदी झाली. पेयांच्या डब्यांवर १९८४ पासून अनामत रक्कम आहे, डबा परत केला की पैसे परत. २०२४ पासून घरांतलं उरलंसुरलं अन्न वेगळं गोळा करणं बंधनकारक आहे. त्याचा बायोगॅस होतो.

आता ‘आपल्याला का जमत नाही’. भारताच्या २०१६च्या घनकचरा नियमांत ऊर्जेसाठी जाळायच्या कचऱ्याला किलोमागे किमान १५०० किलोकॅलरी उष्णता देण्याची अट होती. भाजीची देठं, शिळं अन्न आणि फळांच्या साली एकाच गाडीत गेल्या, वरून पावसाचं पाणी पडलं, की ती पुरी होणं कठीण. भट्टीतला वायू किमान दोन सेकंद ८५० अंशांवर राहायला हवा, नाहीतर डायॉक्सिनं पुरती नष्ट होत नाहीत. ओला कचरा पडला की तापमान घसरतं आणि ते टिकवायला डिझेल किंवा गॅस जाळावा लागतो. स्वयंपाकघरात ओला-सुका वेगळा झाला नाही, तर भट्टी कितीही महागाची आणली तरी तिला पाणीच उकळत बसावं लागेल.