जमत नसेल तर नाही म्हणा, पण लेन्सला हात लावू नका

सोलापुरात चष्म्याच्या काचेला अँटी-ग्लेअर करून देणारी दुकानं गल्लोगल्ली आहेत. जुन्या कॅमेऱ्याच्या लेन्सचं कोटिंग म्हटलं की मात्र निम्मे लोक "मोबाईल घ्या की नवा" म्हणतात आणि उरलेले "ठेवून जावा मालक, बघतो." हे "बघतो"वालेच जास्त घातक!

वडिलांची सुपर-टाकुमार, ५५ एमएम, एफ १.८. साठच्या दशकातली जपानी लेन्स. आतल्या काचेवर बुरशीचं बारीक जाळं धरलं होतं, एवढंच दुखणं. दुकानातून परत आली तेव्हा पुढच्या रिंगच्या खाचांभोवती चरेच चरे. लेन्स स्पॅनर, म्हणजे खाचांत अडकवून रिंग फिरवायचं हत्यार, नाही म्हणून गड्यानं कंपासचं टोक घालून रिंग फिरवलेली. काळा रंग उडून आतला धातू चकाकतोय. आणि पुढची काच? तिरपी धरली की मधासारख्या पिवळसर रंगाची झाक दिसायची, ती मधोमध घासून साफ. कडेला तेवढी गोल पट्टी उरलीय. वर मला सांगतो, "बघा, किती स्वच्छ झाली!" अरे, तो रंग म्हणजे घाण नव्हती, कोटिंग होतं ते!

मॅग्नेशियम फ्लोराइडचा थर, जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी. उघडी काच प्रत्येक पृष्ठभागावरून चारेक टक्के प्रकाश परत फेकते, हा थर असला की दीडेक टक्का. १९३५ साली झाईस या जर्मन लेन्स कंपनीच्या अलेक्झांडर स्मकुला यांनी ज्याचं पेटंट घेतलं ते तंत्र या माणसानं फडक्यानं पुसून टाकलं. आता गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर शोभेच्या दारूचे फोटो काढले तर काळं आभाळ राखाडी येणार. दिवा समोर आला की सगळी फ्रेम धुरकट.

बरं, पुन्हा कोटिंग करून घ्यावं तर करणारा कुठे आहे? मुंबईत फोर्टला जुने कारागीर आहेत, पुण्यातही आहेत. ग्रीस बदलणं, अ‍ॅपर्चरच्या पात्यांवरचं तेल काढणं ही कामं ते झकास करतात आणि "कोटिंग आमच्याकडे होत नाही" हे तोंडावर सांगतात. त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. चष्म्याच्या लॅबचा इथे उपयोग नाही, त्यांची प्रोसेस प्लास्टिकसाठी, कमी तापमानाची. इथे आधी सिरियम ऑक्साइडनं, म्हणजे काच घासायच्या बारीक पुडीनं, जुना थर उतरवायचा, तोही काचेची गोलाई तसूभर न बिघडवता. मग व्हॅक्यूम चेंबरमध्ये काच तीनशे अंशांच्या आसपास तापवून नवा थर चढवायचा. दोन काचा चिकटवलेल्या असतील तर त्या आधी सोडवायच्या, नंतर सेंटर जुळवून पुन्हा जोडायच्या. ज्यांच्याकडे चेंबर आहे ते म्हणतात, एका नगासाठी मशीन लावत नाही. परदेशात पाठवावी तर कुरिअर आणि कस्टममध्येच लेन्सच्या किमतीपेक्षा जास्त पैसे जाणार.

म्हणून हात जोडून सांगतो, "माझ्या ओळखीचा एक जण आहे, सगळं करतो" असले नंबर मला देऊ नका. कॅमेऱ्याच्या काचेवर स्वतः थर चढवणारा, एकच काच असली तरी घेणारा आणि केलेलं काम दाखवणारा कुणी माहीत असेल तर त्याचं नाव सांगा. कंपास घेऊन बसलेले इथे भरपूर आहेत.